बरोबरीचा पंचनामा

"सुटलीस," रिसबूड सर म्हणाले, आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला.

"तुम्हीसुद्धा सुटलात," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते त्यांना छान जमायचं. पटावरचं घड्याळ थांबवून, कोटाची बाही झटकून ते उठले. माझा हात लागल्यामुळेच बाही मळली असावी अशी ती झटकणी होती.

जयसिंगपूरच्या बुद्धिबळ स्पर्धेची ती शेवटची फेरी. काळे मोहरे घेऊन मी सिसिलियन बचावातला ड्रॅगन खेळले होते. ज्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही त्यांना एवढंच सांगते, की या प्रकारात पांढरा एका अंगानं काळ्या राजाचा गळा धरायला धावतो आणि काळा दुसऱ्या अंगानं पांढऱ्याचा. जो आधी पोचेल तो जगला. ग्रँडमास्टर दिवाकर रिसबूड माझ्या गळ्यापासून बोटभर अंतरावर आले होते. तेवढ्यात माझ्या वजिराला त्यांच्या राजाला शह देत राहायची वाट सापडली. राजा इकडे गेला की शह, तिकडे गेला की शह. याला अंत नसतो, म्हणून डाव बरोबरीत सोडतात.

ती बरोबरी माझ्यासाठी जिंकण्याएवढीच मोलाची होती. इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळायला तीन मोठ्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी करावी लागते, तिला नॉर्म म्हणतात. माझे दोन नॉर्म झाले होते. तिसरा दोनदा शेवटच्या फेरीत हातातोंडाशी येऊन निसटला होता. या वेळी मला फक्त अर्धा गुण हवा होता, आणि तो मी मिळवला होता. अण्णांची सही झाली की मी, जयसिंगपूरच्या तंबाखू वखारीतल्या मुकादमाची मुलगी उल्का मगदूम, इंटरनॅशनल मास्टर होणार होते.

अण्णा म्हणजे बाबगोंडा पाटील, आमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि स्पर्धेचे मुख्य पंच. धोतर, काळी टोपी, आणि पंचाचा परवाना खिशातल्या पाकिटात अडकित्त्याशेजारी. ते पेन उघडतच होते, तोच मागून आवाज आला.

"अण्णा, माझी हरकत आहे."

विश्वजित घोरपडे उभा होता. कोल्हापूरचा, माझ्याच वयाचा, चांगला खेळाडू आणि वाईट हरणारा. मी सरांना हरवलं असतं तर त्याला पहिला क्रमांक वाटून मिळाला असता. सर बरोबरीत सुटल्यामुळे ते एकटेच पहिले आणि हा दुसरा.

"या बरोबरीत दोघांचंही भलं झालंय," विश्वजित म्हणाला. "सर पहिले आले, हिचा नॉर्म झाला. आणि ही सरांकडे तीन वर्षं शिकलेली आहे. गुरुशिष्यांचं घरगुती काम दिसतंय हे."

मला हसू आलं आणि संतापही. घरगुती! ज्या माणसानं माझ्या वडिलांना पुण्याला बोलावून, इतर मुलांसमोर, "मगदूम, हिला बँकेच्या परीक्षेला बसवा, पटावर हिची शक्ती वाया घालवू नका," असं सांगितलं होतं, त्याच्याशी माझं घरगुती! बाबा हातात टोपी घेऊन "बरं सर, बरं सर" म्हणत राहिले होते. त्या दिवशी मी तिथून निघाले ती गेल्या सात वर्षांत पुन्हा गेले नाही. पुढं एका वर्तमानपत्राला मी मुलाखत दिली, की रिसबूड सरांकडे मी तीन वर्षं, कसं शिकवू नये ते शिकले. तेव्हापासून सर माझं नाव उच्चारत नव्हते. कुठं विषय निघालाच तर 'ती जयसिंगपूरवाली' म्हणायचे. आमच्यात संगनमत व्हायचं तर आधी कुणीतरी दुभाषी लागला असता.

"हरकत घेतलीयास तर पंचनामा हुईल," अण्णा म्हणाले. "आमच्यात रीतच हाय ती."

ही रीत फक्त आमच्या मंडळाची. कधीकाळी दोन बाहेरच्या पाहुण्यांनी शेवटच्या फेरीत चार चाली खेळून हात मिळवले आणि जेवायला निघून गेले. लोक तिकिटं काढून आले होते, त्यांनी खुर्च्या आपटल्या. तेव्हापासून शेवटच्या फेरीतल्या बरोबरीवर कुणी बोट ठेवलं, तर दोन्ही खेळाडूंनी सभागृहासमोर मोठ्या पटावर तो डाव पुन्हा मांडून दाखवायचा. कुणीही उठून विचारावं, इथं हे का नाही? त्याला उत्तर द्यायचं. अण्णांना पटलं तर सही, नाही पटलं तर सहीऐवजी तक्रार वर जाणार. आणि तक्रार चिकटलेला नॉर्म चौकशीत असा काही कुजत पडतो, की खेळाडूचे केस पिकतात.

"मी ग्रँडमास्टर आहे," सर म्हणाले. "गावच्या चावडीवर डाव मांडायला मी आलेलो नाही."

"चावडी न्हाई ओ, सभागृह हाय. पंखं बी हाईत," अण्णा शांतपणे म्हणाले. "बसा की."

सर बसले. लोकांनी खुर्च्या ओढून कोंडाळं केलं. मोठा लाकडी पट भिंतीला टेकवून उभा होता, त्यावर खुंट्यांना मोहरे अडकवायचे. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना. सर पांढरे मोहरे सरकवत होते, मी काळे. आमच्यात एक शब्दही होत नव्हता.

सुरुवातीच्या चाली भराभर झाल्या. मग मी हत्ती देऊन त्यांचा घोडा मारला ती जागा आली. लोकांत कुजबुज झाली.

"इथं ती चुकली," सर लोकांना म्हणाले. "हत्ती द्यायची काही गरज नव्हती. शिकवलेलं डोक्यात राहत नाही काहींच्या."

"राहिलं असतं तर हरले असते," मी लोकांनाच म्हटलं.

पुढं ती जागा आली, जिथं त्यांनी हत्तीनं माझा घोडा खाल्ला आणि माझ्या वजिराला शह द्यायची वाट मोकळी झाली. विश्वजित याच जागेची वाट बघत बसला होता. तो उठून पटापाशी आला.

"सर, इथं घोडा खायची घाई कशाला? आधी राजा कोपऱ्यात सरकवायचा. ए-एक. एकच घर. मग हिच्याकडं एकही शह उरत नाही, आणि तुमचा हल्ला जसाच्या तसा. ड्रॅगन शिकवताना पहिल्या आठवड्यात हेच सांगतात ना, हल्ल्याआधी राजा कोपऱ्यात?"

चाल इतकी साधी होती की पहिल्या रांगेतल्या बाईंनीही मान डोलावली. मी सरांकडे बघितलं. सर पटाकडे बघत होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या. तीन वर्षं त्यांच्यासमोर बसले होते मी. त्या पाळ्या लाल झाल्या म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना ती चाल दिसली नव्हती. आता एवढंच म्हणायचं होतं, 'नजरचूक झाली.' दोन शब्द. ते बोलले की माझा नॉर्म माझा.

"दिसली होती," सर म्हणाले.

"मग खेळला का न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"गरज नव्हती. मला अर्धा गुण पुरत होता."

"म्हणजे जिंकलेला डाव सोडलात!" विश्वजित जवळजवळ नाचलाच. "हिच्यासाठी!"

सरांनी खांदे उडवले. "दान केलं समजा."

दान! सभागृहात एकच कालवा झाला. अण्णांनी पेनाला टोपण लावलं, ते माझ्या डोळ्यांसमोर. सरांचं काय जाणार होतं? ते ग्रँडमास्टर होतेच, आणखी एका तक्रारीनं त्यांच्या अंगाला भोक पडणार नव्हतं. चार लोक हळहळले असते, की बघा, शिष्येसाठी केवढं मन! पण मी त्यांची दान घेणारी ठरणार होते, आणि तेही चोरून घेणारी. मला आंधळा म्हणू नका, हवं तर चोर म्हणा, असा हा माणूस. त्यात आपल्याबरोबर दुसरंही कुणी चोर ठरतंय, याची त्याला खंत नव्हती. उलट बरंच वाटत असणार.

"दिसली होती ना सर?" मी म्हटलं. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना थेट प्रश्न विचारत होते. "मग पुढचं दाखवा. राजा कोपऱ्यात गेला. आता माझी चाल. मी राजा एफ-आठवर घेते. जिंका."

"मी तुला परीक्षा द्यायला बसलेलो नाही."

"बरोबर हाय की पोरीचं," अण्णा म्हणाले. "जिंकत हुता म्हणताय, तर जिंकून दावा. दान किती तोळ्याचं हुतं ते आमाला बी कळू दे."

लोक हसले. सरांना हसणं सहन होत नसे. ते ताडकन उठले आणि पटापाशी गेले.

आता खरी गोष्ट सांगते. त्या जागेवर पांढऱ्याची जिंकायची वाट मला ठाऊक होती. डाव चालू असताना, सर विचार करत बसले होते तेव्हाच, मला राजाची ती कोपऱ्यातली चालही दिसली होती आणि तिच्यामागची दुसरी चालही. पाय गार पडले होते माझे. सरांनी घोडा खाल्ला तेव्हा कुठं श्वास सुटला. आणि आता तेच संकट पुन्हा समोर होतं, फक्त या वेळी शंभर माणसांदेखत. सरांना ती दुसरी चाल सापडली, तर त्यांना सगळं आधीच दिसलं होतं असं ठरणार, आणि मी मेले.

सरांनी हत्तीनं माझा घोडा खाल्ला. मी प्याद्यानं हत्ती खाल्ला. वजिराचा शह. माझा राजा ई-आठवर पळाला, तिथून डी-सातवर, आणि बसला सुरक्षित.

"नाही, थांबा," सर म्हणाले. मोहरे मागं घेतले.

मग त्यांनी आधी प्यादं पुढं ढकललं. मी घोड्यानं वाट अडवली. पुन्हा मागं. मग वजीर आधी, हत्ती नंतर. माझा राजा पुन्हा त्याच वाटेनं घरंगळत निघून गेला. दर वेळी मी तोच राजा, त्याच दोन घरांवरून, सावकाश नेऊन ठेवत होते. दर वेळी सरांचा आवाज चढत होता.

"अशी नाही खेळणार कुणी इथं!"

"मी खेळतेय ना."

"पळतेयस तू नुसती!"

"तुम्ही पकडत नाही म्हणून पळतेय."

एकदा त्यांचा हात उंटाकडे गेला. सी-चारवरच्या उंटाकडे. बोटं उंटाच्या डोक्यावर टेकली. तो उंट बी-पाचवर ठेवायचा, एवढीच ती चाल होती. हल्ला पटाच्या उजव्या टोकाला, आणि उंट जायचा डाव्या टोकाला, त्यामुळे ती कुणाच्या चटकन मनात येत नाही. पण उंट तिथं बसला की माझ्या राजाच्या पळवाटेची दोन्ही घरं बंद. मग सावकाश घोडा खावा, वजीर आणावा, खेळ खलास. मी सरांकडे बघितलं नाही, पटाकडेही बघितलं नाही. अण्णांच्या टोपीकडे बघत राहिले.

सरांनी उंट सोडला आणि पुन्हा हत्ती उचलला. मुळात सबुरी नव्हती त्यांच्यात. समोरच्याचा गळा दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

माझा राजा परत एकदा डी-सातवर जाऊन बसला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. विश्वजितही पुढं होऊन दोन-तीन चाली सुचवायला लागला, त्या मी तशाच उडवल्या. त्याचा चेहरा उतरला. ग्रँडमास्टरला जे जमत नाही ते ग्रँडमास्टरनं दान कसं केलं, हे त्यालाही सांगता येईना.

अण्णा उठून सरांच्या समोर उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेष्टाही संपली होती.

"ग्रँडमास्टर, तुमी मोठं मानूस. येकच सांगा. दिसली हुती, का न्हवती?"

सर पटाकडे तोंड करून उभे होते.

"नव्हती," ते म्हणाले.

"जरा मोट्यानं. मागं ऐकू गेलं न्हाई."

"नव्हती दिसली! झालं?"

"झालं," अण्णा म्हणाले. पेन उघडून त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. "पोरी, बापाला दाव जा. विश्वजित, तुझी हरकत निकाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहाण्या मुलीनं तिथून सरळ घरी जावं. बाबा वखारीच्या दारात वाट बघत उभे असणार हे मला माहीत होतं. पण 'दान' हा शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता, आणि त्या माणसाला नुसतं पडलेलं बघून माझं पोट भरेना. कागद घडी करून मी पर्समध्ये ठेवला आणि पटापाशी गेले.

"सर, पुढचं राहिलं की," मी म्हटलं. "जिंकायची वाट आहे इथं. मी दाखवते."

सरांनी वळून बघितलं.

मी त्यांचा राजा कोपऱ्यात ठेवला. माझा राजा एफ-आठवर. मग त्यांचा तो उंट उचलला आणि बी-पाचवर अडकवला. एवढंच. आणि हात झटकून बाजूला झाले.

आधी काही जणांना कळलं, मग त्यांनी शेजारच्यांना सांगितलं. विश्वजितनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! पळवाटच बंद!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. कुणी म्हणालं, पोरीनं मास्तरला खाल्लं. मला ते ऐकून जे वाटलं, त्याला आनंद म्हणत नाहीत, पण आनंदाहून कमीही नव्हतं ते.

"मला ही डाव चालू असतानाच दिसली होती," मी म्हटलं. "दान करायला आधी पदरात काही असावं लागतं, सर."

सर चालत आले ते माझ्या बाजूला. काळ्याच्या बाजूची माझी रिकामी खुर्ची ओढून तिच्यावर बसले आणि तिथून पटाकडे बघायला लागले. लोक उठायला लागले होते, ते पुन्हा थांबले. सरांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू नेहमीच्या रंगाच्या झाल्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

"उंट इथून गेला," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हणजे ए-दोनच्या प्याद्याची राखण गेली."

ते उठले, माझा काळा वजीर उचलला, आणि त्यांच्या राजाच्या तोंडासमोरचं ते प्यादं खाल्लं.

"वजीर फुकट!" विश्वजित ओरडला.

"खा ना. खावाच लागेल," सर म्हणाले, आणि पांढऱ्या राजानं वजीर खाल्ला. मग माझा सी-आठवरचा हत्ती त्यांनी ए-आठवर आणला. शह. मध्ये उंट घातला, तर हत्ती तोही खाऊन पुन्हा शह. मग काळ्या उंटाचा शह, परत हत्तीचा. पांढरा राजा कोपऱ्यातून निघून कोपऱ्यात येत होता. सरांनी तो दोनदा फिरवून दाखवला आणि हात खाली घेतला.

"बरोबरी," ते म्हणाले. "राजा कोपऱ्यात नेला असता तरी बरोबरी. हिनं दाखवला तसा उंट बी-पाचला आणला तरी बरोबरी. डाव मुळातच बरोबरीचा होता, अण्णा."

कुणीच टाळी वाजवली नाही. सगळे पटाकडे बघत होते. मी खोट शोधायला लागले, इकडून, तिकडून. खोट नव्हती. मला जी हार वाटली होती, जिच्या भीतीनं माझे पाय गार पडले होते, ती हार नव्हतीच. आणि मला वाचवणारी ती चाल, माझ्याच वजिराची, माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी शोधली होती.

सर माझ्याकडे वळले. सभागृह वळलं.

"ही दिसली होती?" त्यांनी विचारलं.

कागदावर सही झालेली होती. माझं आता कुणीच काही काढून घेऊ शकत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर चार माणसं म्हणाली असती, प्रामाणिक आहे पोरगी. तो शब्द जिभेच्या टोकावर होता. पण समोर ते होते, बाह्या झटकणारे, वाट बघणारे.

"दिसली होती," मी म्हटलं.

आज विचारलंत तरी मी तेच सांगेन.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग ते हसले. तीन वर्षांच्या शिकवणीत मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी कोट सारखा केला आणि दाराकडे जाता जाता अण्णांपाशी थांबले.

"घोरपडेंची हरकत अगदीच खोटी नव्हती, अण्णा," ते म्हणाले. "संगनमत नाही, पण मुलगी माझीच तयार केलेली आहे. सहीनिशी लिहून देतो."

आधी अण्णा हसले, मग विश्वजित, आणि मग सगळं सभागृह.